पंचफुलाची चाल : मेडशी ते जऊळका

जायचं ठरलं ते एका फोनवर, आणि तो फोनही मी कुरकुर करायलाच केला होता.

मी नाशिकची. पोटापाण्यासाठी माणसांची तैलचित्रं काढते. संस्थापक, माजी अध्यक्ष, कुणाचे कैलासवासी आजोबा. माणूस खुर्चीत, हात मांडीवर, नजर समोर. हात बसलाय, कामं मिळतात. पण गेली दोन-तीन वर्षं स्वतःसाठी म्हणून कागद घेऊन बसले की तिथेही माणसं खुर्चीतच येऊन बसायला लागली होती. कुणी उठायलाच तयार नाही.

मग कुणाच्या तरी नादाने इंटरनेटवरच्या एका चित्रवर्गाला बसले. तिथे बर्लेस्क करणाऱ्या परदेशी बायका समोर यायच्या आणि आपण त्यांना बघून भराभर रेखाटायचं. बर्लेस्क म्हणजे अंगप्रदर्शन एवढंच माझ्या डोक्यात होतं. समोर आली ती पन्नाशीची, चांगली अंगापिंडाने भरलेली बाई. कोपरापर्यंतचा हातमोजा ती एकेक बोट सोडवत इतका वेळ काढत होती, की शेवटी हसू यायला लागलं. ती नटत होती आणि नटण्याचीच टर उडवत होती. बघणाऱ्यालाच कोपरखळी मारत होती. त्या आठवड्यात मी वेड्यासारखी रेखाटनं केली. नंतर काढून पाहिली तर मोजे होते, पिसं होती, बाई नव्हती. पडद्यामागून कुणाची ऊब थोडीच येते?

हे सगळं वैशालीला सांगत होते. वैशाली माझी कलामहाविद्यालयातली मैत्रीण. लग्न होऊन मेडशीला गेली, मालेगावच्या शाळेत चित्रकला शिकवते. (हे मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, नाशिककरांचा नेहमी गोंधळ होतो.) तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाईचं सोंग घ्याचं, अन साऱ्यायची टर उडवायची, हेच ना? मंग इंटरनेट कायले जाळून राह्यली? आमच्या गावात शालिक हाय."

"कोण शालिक?"

"नाच्या. खडी गंमतवाला. पुढच्या आठवड्यात जऊळक्याले भंडारा हाय, तिथं हाय त्याची गंमत. ये."

खडी गंमत हा शब्द मी परीक्षेपुरता वाचला होता. उभ्याउभ्या करायचा खेळ. पडदा नाही, मंच असला तर असला. एक शाहीर, ढोलकी, डफ, तुणतुणं, चार-पाच माणसं, आणि त्यातला एक साडी नेसलेला पुरुष. मी तिकीट काढलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते. नाशिक रोडहून अकोल्याला थेट गाड्या आहेत. संध्याकाळी बसलं की सकाळी अकोला. स्टेशनवरून शेअर ऑटोने बसस्टँड, आणि तिथून पातूरमार्गे मालेगाव-वाशिमकडे जाणारी कुठलीही एसटी मेडशीला थांबते. बाईमाणसाला अर्धं तिकीट. डावीकडची खिडकी धरा. पातूर सुटलं की रस्ता घाटात शिरतो, सागाची पानं गळून गेलेली, मधूनच एखादं पळसाचं झाड. घाट चढून वर आलं की एकदम सपाटी आणि तूर. मी गेले ते दिवस तूर सोंगायचे, म्हणजे कापणीचे होते. कुठे पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या, कुठे अजून शेंगांनी वाकलेली झाडं. मेडशीत राहायला लॉज नाही, ते मालेगावला किंवा वाशिमला बघावं लागतं. मला वैशालीचं घर होतं.

तिच्या घरी पोचले तेव्हा ताटात तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. सासूबाईंनी वाढतानाच विचारलं, "इतक्या दूरून नाच्या पाह्याले आल्या?" त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, काळजी होती. मी हो म्हणाले. "बाप्पा!" म्हणून त्यांनी आणखी एक भाकर टाकली.

दुपारी शालिककडे गेलो. पत्र्याचं घर, अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या, दाराशी एक म्हैस. शालिक म्हणजे उंच, रुंद खांद्यांचा, साठीकडे झुकलेला माणूस. दीड-दोन एकर शेती करतो. बोटं जाडजूड, बोलणं जवळजवळ नाहीच. मला वाटलं होतं लचकत, मुरडत बोलणारा कुणीतरी भेटेल. हा माणूस चहाचा कप देतानासुद्धा खाली बघत होता. मी वही काढली तर त्याने हात आडवा केला.

"असं काय काढता बाई? असे माणसं त गावात ढीगभर हायेत. साडी नेसल्यावर काढा."

बोलायचं काम त्याच्या बायकोकडे होतं. पंचफुला. शिवणयंत्रावर बसली होती, पायाऐवजी मोटरवर चालणारं यंत्र. जांभळ्या कापडाचं पोलकं शिवत होती आणि बाही धरून मला दाखवत होती. "हे पाहा, दंड हाय का खांब हाय! त्याच्या एका झंपरात माह्ये दोन निघतात."

हा पोलक्यांचा कारभार लग्नापासून तिच्याकडेच. गवळणीचं वेगळं, मावशीचं वेगळं, यंदा नवीन वग बसवलाय त्यातल्या सरपंचीणबाईचं हे जांभळं. कुठे चुणी घ्यायची, छातीशी किती कापूस भरायचा, घामाने कुठे उसवतं, सगळं ती खळखळून सांगत होती. शालिक म्हशीला पाणी दाखवायला उठला. तो दाराबाहेर जाताच तिने यंत्र थांबवलं.

"म्या एकदाबी नाई पाह्यलं त्याले," ती म्हणाली.

"कधीच नाही?"

"पयले सासू होती. घरची बाई गंमतीले गेली त लोकं काय म्हनतीन? मंग सासू गेली, त हा पाय गेला. सोयाबीनच्या पोत्यायवर बसून आली होती ट्रॉलीत, पडली. खुबा मोडला. दोनदा आपरेशन झालं, पण पाय आखूडच राह्यला." मग आवाज खाली घेऊन, "लोकं मले सांगतात, शालिक तुही नक्कल करते म्हने. एक बाई त म्हने, हुबेहूब पंचफुला! लोकं पोट धरू धरू हासतात."

ती काठी घेऊन उठली. यंत्रापासून फळीपर्यंत गेली आणि परत आली. प्रत्येक पावलाला तिचं सगळं अंग एका बाजूला कलत होतं आणि काठीवर सावरत होतं.

"आता मी अशी," ती म्हणाली. "मंग तो काय करत असन तिथं, सांगा बरं."

मी वैशालीकडे बघितलं. वैशालीने दारातून अंगणातल्या शेंगांकडे. पंचफुला पुन्हा यंत्रावर बसली. "मले घेऊन चाला जऊळक्याले. एकदा माह्या डोयानं पाह्यचं हाय मले. तुमी पाहुण्या हाय, तुमच्यासंगं आली त कोणी काई म्हननार नाई."

निघताना शालिक आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. वैशालीच्या गाडीपाशी थांबून, पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, "बाई, तुमी या जऊळक्याले. तिले नका आणू."

"काहून?" वैशालीने विचारलं.

"नका आणू म्हनलं ना," म्हणून तो वळला. आणि जाताना मी त्याची चाल बघितली. साधी, जड, शेतकऱ्याची.

दुसऱ्या दिवशी वैशालीला सुट्टी होती म्हणून वाशिमला गेलो. बालाजी मंदिर बघण्यासारखं आहे, दगडी खांबांवरचं कोरीवकाम सकाळच्या तिरप्या उन्हात बघावं, दुपारी सगळं सपाट होतं. पद्मतीर्थाच्या काठावर थोडा वेळ बसलो. बाजारात पंचफुलाने सांगितलेली सोनेरी किनार घेतली. पण दोघींचं लक्ष कशातच नव्हतं.

"तू पाहिलंयस ना त्याला?" मी विचारलं.

"म्या पाह्यलं त्याले वर्षं झाली. गर्दीत, लांबून. तवा गवळण करत होता. लंगडल्याचं मले त आठवत नाई. पण ही सरपंचीण नवीन हाय, म्या पाह्यली नाई."

"आणि लंगडत असेल तर?"

हास्यासाठी माणसं काय काय करतात हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. आंधळे, बोबडे, लंगडे यांच्यावर हसत हसतच आपण लहानाचे मोठे झालो. मला तर भीती वाटत होती, ती अशी, की तो तसं करत असेल आणि ते चांगलं करत असेल, आणि मलाही हसू येईल.

"तिनं मांगतलं हाय," शेवटी वैशाली म्हणाली. "साऱ्या जन्मात एक गोष्ट मांगतली. मी आणतो तिले."

इथे एक गंमत सांगते. वऱ्हाडात बाई "मी येतो, मी करतो" म्हणते आणि पुरुषाबद्दल बोलताना "तो येते, तो करते" म्हणतात. पहिल्या दिवशी माझा गोंधळ उडायचा. तिसऱ्या दिवशी वाटायला लागलं, इथली बोलीच मुळात साडी-धोतराचा फार बाऊ करत नाही.

भंडाऱ्याच्या दिवशी मी शालिकच्या मंडळींबरोबर पुढे गेले. मेडशीहून मालेगाव, तिथून ऑटो बदलून जऊळका. रेल्वे स्टेशनचं गाव, बाजारपेठ छोटीशीच. दुपारभर पंगती चालल्या होत्या. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे रोडगे, वर तूप, बाजूला झणझणीत वांग्याची भाजी. जाल तर पोटात जागा ठेवून जा. दोन रोडग्यांवर मी हात टेकले तर वाढणाऱ्या बुवांना माझ्या तब्येतीची शंका आली.

हल्ली दहाला भोंगे बंद करावे लागतात, त्यामुळे गंमत दिवस मावळतानाच उभी राहते. देवळामागच्या खोलीत चारच्या सुमाराला शालिक नटायला बसला. इथे मला वही उघडायची परवानगी होती.

आधी दाढी, अगदी गुळगुळीत. मग खोबरेल तेल, त्यावर रंग. तो स्वतःच आरशात बघून लावत होता, घाई न करता. मी काढत होते आणि मनात चोरासारखं वाटत होतं, कारण वैशालीची गाडी तोवर पंचफुलाला घेऊन मेडशीहून निघाली असणार. कुंकू लागलं. पापण्यांवर काजळ आलं. जांभळं पोलकं चढलं, सोनेरी किनारीचं. मग त्याने साडीचा पदर खांद्यावर टाकला, आणि त्या क्षणी त्याची ती जाडजूड बोटं बदलली. पदर दोन बोटांत धरून त्याने असा खोचला, की मी रेखाटायचं विसरले. हात तेच. पण ते आता दुसऱ्या कुणाचे होते.

"चालून दाखवा ना," मी म्हणाले.

तो लाजला. काजळ घातलेल्या डोळ्यांनी खाली बघत म्हणाला, "इथं नाई बाई. ढोलकी वाजल्याबिगर येतच नाई ते."

बाहेर आले तेव्हा देवळासमोरच्या पटांगणात माणसं बसली होती. उजवीकडे बायकांची बाजू. तिथे कडेला, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, डोक्यावरून शाल घेऊन पंचफुला बसलेली. काठी तिने खुर्चीखाली सरकवून दिली होती. मी तिच्या शेजारी खाली अंथरलेल्या तळवटावर बसले. तिने माझा खांदा धरला आणि मग सोडलाच नाही.

गण झाला, गवळण झाली. मग शाहिराने वग लावला. सरपंचपद बाईला मिळालंय, पण कारभार नवरा करतो. किडकिडीत नवरा येऊन ऐटीत खुर्चीवर बसला, मांडीवर मांडी टाकली, आणि हाक मारली, "अवं सरपंचीणबाई! सही कराची हाय!"

ढोलकी कडाडली आणि शालिक आला.

पंचफुलाची बोटं माझ्या खांद्यात रुतली.

तो लंगडत नव्हता.

तो चालत होता. टाच आधी, दणक्यात, आणि मग सगळं पाऊल. डावा खांदा जरासा वर, कमरेवर नसलेल्या घागरीचा भार. मागचा सोगा एका हाताने झटकायचा. आणि चार पावलं गेली की मान वळवून मागे बघायचं, कुणी येतंय का, आणि कुणी येत नसल्यासारखं करून परत पुढे. इतकी तोऱ्याची, इतकी तरणीताठी चाल त्या उंच दांडगट देहातून निघत होती, की लोक हसत सुटले. मीही हसले. हसताहसता कळत होतं, की लोक त्या चालीला हसत नाहीयेत. ती चाल अंगावर घेऊन मिरवणाऱ्या त्या माणसाच्या आनंदाला हसतायत. त्या पडद्यावरच्या बाईपाशी मी जे शोधत होते, ते इथे पत्र्याच्या टोपीतल्या दिव्याखाली घाम गाळत चाललं होतं.

"माह्यं हाय हे," पंचफुला म्हणाली. मला नाही, कुणालाच नाही. "माय वं... हे त माह्यं हाय."

मी वर बघितलं. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

"विहिरीवून अशी येत होती मी. घागर घेऊन. नवीन लगन झालतं." मग काही वेळाने, "मांगं पाह्याची मी. तो म्हशी घेऊन येत असे मांगून. साऱ्या गावाले माईत होतं, म्हशीले पानी त घरीच पाजता आलं असतं."

समोर सरपंचीणबाई प्रत्येक सहीला "इथं करू का जी?" म्हणून वाकत होत्या, आणि वाकता वाकता नवऱ्याला खुर्चीवरून बोटभर सरकवत होत्या. नवरा अर्धा खुर्चीबाहेर आल्यावर त्या ठसक्यात एक फेरी मारायला निघाल्या. फेरी बायकांच्या बाजूने आली. टाच, पाऊल, खांदा, मागे वळून बघणं. आणि त्या वळून बघण्यात शालिकला खुर्चीवरची पंचफुला दिसली.

तो थांबला. ढोलकीवाल्याने दोनदा ठेका दिला, तिसऱ्यांदा दिला. शालिक तसाच. पदर धरलेली दोन बोटं हवेत. कुजबूज सुरू झाली. मला वाटलं, आता संपलं, आणि हे आपण केलं.

"चाल ना!" पंचफुला खुर्चीतून ओरडली. "उभा काहून राह्यला? घागर सांडन!"

पटांगण हशाने फुटलं. लोकांना वाटलं, हे वगातच आहे. शालिकने एक श्वास घेतला, कमरेवरची घागर सावरली, आणि चालला. आता तर असा चालला, की शाहीरसुद्धा तुणतुणं खाली ठेवून बघत राहिला. नवरा खुर्चीवरून पडला, सरपंचीणबाई बसल्या, टाळ्या थांबेनात.

परतीच्या गाडीत शालिक पुढे, वैशालीच्या शेजारी. तोंड पुसलेलं, पण कानाशी रंग राहिलेला. मालेगाव आलं.

"सांगतलं काहून नाई मले?" मागून पंचफुला म्हणाली.

"काय सांगू?" तो काचेतून बाहेर बघत होता. "तुले आता चालता येत नाई, अन मी चालून दाखवतो लोकायले? वाईट वाटलं असतं तुले."

"वाईट वाटलंच."

शालिक कानाशी राहिलेला रंग पुसायला लागला.

"मले वाटलं, तू लंगडी चाल काढतं माह्यी," ती म्हणाली.

शालिक पूर्ण मागे वळला. "मी?" एवढंच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नाशिकला येऊन चार वेळा काढायचा प्रयत्न केला. जमलेलं नाही.

मेडशीचे दिवे दिसायला लागल्यावर पंचफुला म्हणाली, "डावा हात चुकते तुहा. इतका नव्हता हालत. त्या हातानं घागर धरली असे म्या."

"बरं," शालिक म्हणाला.

सकाळी निरोप घ्यायला गेले. पंचफुला यंत्रावर होती. म्हटलं, तुम्हाला असं बसलेलं काढू का? ती मान हलवून म्हणाली, "बसेल नको काढू मले. बसेलच त असतो मी." मग तिने मला तुरीच्या शेंगांची पिशवी बांधून दिली, आणि मी नको नको म्हणत असताना वरून ठेच्याची वाटीही.

परत येताना मी मुद्दाम जऊळक्याहून रेल्वेने अकोल्याला आले. सवारी गाडी, तिकीट नावापुरतं, वेळेचा भरवसा धरू नका. फलाटावर मी, दोन कॉलेजच्या मुली आणि एक पोतं घेऊन बसलेले आजोबा. रुळांपलीकडे तूर सोंगणाऱ्या बायका वाकलेल्या. मी खूप वेळ बसले आणि मला एकच विचार सुचत राहिला. बारा वर्षं मी एका माणसाबरोबर संसार केला. भांडून नव्हे, शहाण्यासारखं वेगळं झालो. त्याचा चेहरा मी आजही आठवणीतून काढू शकते, नाकाचं हाडसुद्धा चुकणार नाही. पण तो चालायचा कसा, ते मला सांगता येणार नाही. आणि माझी चाल? जिन्यातली पावलं ऐकून "ती आली" असं म्हणणारं कुणी होतं का कधी? कुणी माझ्या मागून चाललंय का, उगाच, म्हशींना पाणी पाजायचं निमित्त काढून? पंचफुलाचा पाय गेला याचं मला वाईट वाटत होतं. आणि तिचा हेवाही वाटत होता. दोन्ही खरं आहे, म्हणून लिहून ठेवते.

गाडी आली तेव्हा आजोबांचं पोतं आम्ही तिघींनी मिळून चढवलं.

नाशिकला आल्यावर कैलासवासी आजोबांची एक ऑर्डर वाट बघत होती, ती आधी पुरी केली. मग भिंतीला मोठा कागद ठोकला. स्टुडिओत कमरेवर हात ठेवून, टाच आपटत फेऱ्या मारून पाहिल्या. खालच्या बिऱ्हाडातून विचारणा झाली, की वर काही काम काढलंय का. उन्हाळ्यापर्यंत अकरा-बारा चित्रं झाली, सगळी पाठमोरी. जांभळं पोलकं, रुंद खांदे, वळलेली मान. मान वळलेली आहे, पण चेहरा अजून येत नाही. तो शालिकचा की पंचफुलाचा, हे हाताला ठरवता येत नाही. पण माणूस खुर्चीतून उठलाय. पाय जमिनीवर दणक्यात पडतोय. मला सध्या तेवढं पुरे आहे, म्हणजे पुरत नाही, पण त्या न पुरण्यातच कामाला बसावंसं वाटतं.

ज्यांना तिकडे जायचं असेल त्यांनी गंमत कुठे आहे ते गावात विचारूनच जावं, जाहिरात कुठे नसते. आणि पुढे बसावं.

चित्रांचे फोटो मी वैशालीला पाठवले होते. परवा तिच्या फोनवरून पंचफुला बोलली. आधी माझी तब्येत विचारली, मग शेंगा संपल्या का ते विचारलं. चित्रांबद्दल म्हणाली, "खांदे मस्त काढले त्याचे." मग खरं काय ते बाहेर आलं.

"मी जाऊन राह्यली आता गंमतीले. वैशाली नेते. पण बाई, मी समोर बसली का त्याले जमतच नाई. लाजते. पाय अडते त्याचा. मले काय म्हनते, तू पाहून राह्यली का मले मीच आठवतो, तू नाई आठवत."

"मग?"

"मंग काय, आता मी मांगं बसतो. साऱ्यायच्या मांगं, झाडाखाली, शाल घेऊन. त्याले माईत नाई. त्याले वाटते मी घरीच हाय."

"तिथून दिसतं का तुम्हाला?"

"नाई ना! समोर माणसायचे डोकेच डोके. पाय त बिलकुल नाई दिसत." ती थोडी थांबली. मागे कुठेतरी यंत्र चालल्याचा आवाज येत होता, वैशाली काहीतरी सांगत होती. मग पंचफुला म्हणाली, "पण लोकं हासले का मले समजते. आता निंघाली मी विहिरीवून."